रडून झालं, आता काय करू?

"ताई, प्रभूच्या नावात सलाम. माझं वय ४१, पुण्यात नोकरी. २०२१ ला आई गेली. तिचं सोनं माझ्याकडे होतं, एक बोरमाळ आणि मिळून चार तोळ्याच्या दोन पाटल्या. बोरमाळ दवाखान्याच्या बिलात गेली हे खरंय. पण धाकट्या बहिणीला मी सांगितलं की सगळंच गेलं, आणि सहा महिन्यांनी पाटल्या मोडून फ्लॅटचं बुकिंग केलं. तिला अजून माहीत नाही. मागच्या नाताळात ती सहज बोलून गेली, दादा, आईची एखादी वस्तू राहिली असती तर हातात घातली असती रे. तेव्हापासून झोप नाही. दर शुक्रवारी उपवास करतो, रात्री रडतो, क्षमा मागतो, दोन दिवस बरं वाटतं की परत तेच. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधले एक काका म्हणतात पश्चात्ताप अजून खोल गेलेला नाही, हृदय पुरतं जळलं पाहिजे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने पाठवलं की मूळ ग्रीक शब्द मेटानोइया आहे, त्याचा अर्थ फक्त 'विचार बदलणे', बाकी काही करावं लागत नाही. तुम्ही ग्रीक शिकलाय म्हणून विचारतो, नक्की अर्थ काय आणि माझा पश्चात्ताप झालाय का नाही?"

भाऊ, सलाम. ओळख पटेल असं सगळं तुमच्या पत्रातून काढलंय, काळजी करू नका.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला बहिणीच्या त्या वाक्यापाशी थांबले. तिने सोनं मागितलं नव्हतं हो, आईची वस्तू मागितली होती. हे आधी लिहून ठेवते कारण पुढे लागणार आहे.

आता शब्दाचं बघू. काका म्हणतात तेही पुरतं बरोबर नाही आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवालंही नाही, पण दोघांचं चुकतंय कुठे हे कळलं की तुमचा अर्धा गुंता सुटेल असं मला मनापासून वाटतं.

काकांचा घोळ आपल्या मराठी शब्दातूनच येतो. पश्चात्ताप म्हणजे पश्चात् अधिक ताप, नंतर होणारा ताप, नंतरची जळजळ. शब्दातच आग आहे. आपण जन्मापासून 'पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे' हेच ऐकलंय, त्यामुळे मनात पक्कं बसतं की देव आपल्याकडून ताप मागतोय आणि जितका जास्त ताप तितकं बरं, मग आपण थर्मामीटर लावून बसतो, आज किती जळलो, डोळ्यात पाणी आलं का, कालच्यापेक्षा कमी आलं का. हिंदी बायबलात त्याच जागी 'मन फिराओ' आहे. तिथे जळणं नाही, फिरणं आहे. एकाच ग्रीक शब्दाची ही दोन भाषांतरं आणि दोन्ही प्रामाणिक, पण ऐकणाऱ्याच्या मनात किती वेगळं चित्र उभं राहतं बघा. मला मराठी शब्द बदलायचा नाहीये, तो आपला आहे आणि त्यात पिढ्यांच्या प्रार्थना आहेत, फक्त तो कुठल्या शब्दाच्या जागी उभा आहे हे विसरायचं नाही.

ग्रीकमध्ये मेटा म्हणजे नंतर, आणि बदल दाखवायलाही तोच लावतात, आणि नूस म्हणजे मन, समज, माणूस जिथून गोष्टींकडे बघतो आणि ठरवतो ती जागा. त्यापासून मेटानोइया हे नाम आणि मेटानोएओ हे क्रियापद. नव्या करारात नाम २२ वेळा येतं, क्रियापद ३४ वेळा, आणि गंमत म्हणजे योहानाच्या अख्ख्या शुभवर्तमानात दोन्ही एकदाही नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवाल्या भावाने एवढी फोड केली आणि तिथेच थांबला. पण शब्दाचा अर्थ फोडीवरून ठरत नाही, लोक तो कसा वापरतात यावरून ठरतो. नाहीतर पश्चात्ताप झालेल्या माणसाला आपण क्रोसिनची गोळी दिली असती.

तर वापर बघू. आधी बायबलच्या बाहेरचा एक सांगते, कारण तो वाचल्यापासून हा शब्द आला की मला तेच दिसतं. ख्रिस्तपूर्व ४२७ मध्ये लेस्बोस बेटावरच्या मिटिलीनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि ते फसलं. अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठरवलं की तिथले सगळे मोठे पुरुष मारायचे आणि बायका-मुलांना गुलाम करायचं, आणि हुकूम घेऊन जहाज लगेच निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी उठल्यावर लोकांना झालं ते, ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडिसने त्या जागी नेमका हाच शब्द घातलाय, मेटानोइया. आपण ठरवलं ते क्रूर आहे, भयंकर आहे, काही थोड्या दोषी लोकांसाठी अख्खं शहर मारायला निघालोय. आता त्यांनी काय केलं? छाती पिटत बसले नाहीत. पुन्हा सभा घेतली, मत टाकलं, अगदी थोडक्या मतांनी निर्णय फिरला, आणि लगेच दुसरं जहाज सोडलं. पहिलं जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र पुढे होतं. दुसऱ्यावरच्या लोकांनी वल्ही सोडलीच नाहीत, जवाचं पीठ वाइन आणि तेलात मळून ते वल्हवता वल्हवताच खाल्लं, आपण सातूचं पीठ कालवतो ना तसंच काहीतरी, आणि झोपायचं ते पाळीपाळीने. पहिल्या जहाजाला असल्या कामाची घाई नव्हती, ते रमतगमत चाललेलं. ते आधी पोचलं, सेनापतीने हुकूम वाचून काढला, आता अंमल करायचा एवढ्यात दुसरं जहाज बंदराला लागलं.

शहर वाचलं. सगळे नाही वाचले, बंडात पुढे असलेले म्हणून हजारावर लोकांना तरीही मारलंच. ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. पण मेटानोइया शब्द ज्या लोकांच्या तोंडात होता त्यांना त्यातून काय ऐकू येत होतं ते यातून कळतं. काल ठरवलं ते चुकलं हे दिसणं, आणि मग दुसरं जहाज सोडणं.

आता शुभवर्तमान उघडा, लूक ३. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना म्हणतो पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या, आणि लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? तुमचाच प्रश्न. योहानाचं उत्तर सावकाश वाचा. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक, ज्याच्याकडे नाही त्याला द्यावा. जकातदार येतात, त्यांना सांगतो ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई येतात, त्यांना सांगतो लोकांना धाकदपटशा दाखवून, खोटे आरोप करून पैसे उकळू नका, पगारात भागवा. आख्ख्या उत्तरात 'रडा' कुठे नाही, 'आणखी वाईट वाटून घ्या' कुठे नाही. प्रत्येकाला त्याचा हात जिथे अडकलाय तिथेच नेऊन उभं केलंय. जकातदाराला अंगरख्याचं नाही सांगितलं, त्याला वसुलीचंच सांगितलं. तुम्ही तिथे रांगेत असता तर योहानाने तुम्हाला उपवास वाढवायला सांगितलं असतं का? मला तरी वाटतं त्याने पाटल्यांचं विचारलं असतं.

दुसरी जागा प्रेषितांची कृत्ये, अध्याय २. येशूचा शिष्य पेत्र याचं भाषण ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागते, ग्रीक शब्द तर भोसकल्यासारखा आहे, आणि ते पुन्हा तोच प्रश्न विचारतात, आम्ही काय करावं? तेव्हा पेत्र म्हणतो, मेटानोएसाते. इथे जरा थांबा भाऊ. टोचणी आधीच लागलीये, काळीज आधीच फाटलंय आणि त्याच्यानंतर पेत्र सांगतोय पश्चात्ताप करा. म्हणजे वेदना हाच पश्चात्ताप असता तर तो त्यांना आधीच झालेला होता, पेत्राला सांगायची गरजच नव्हती. वेदना दारापर्यंत आणते आणि दाराच्या आत पाऊल टाकणं हे वेगळं काम आहे, ते तुमचं अजून व्हायचंय. काकांना ही एवढी एक जागा दाखवा, प्रेमाने दाखवा, ते तुमचं वाईट चिंतत नाहीत.

ग्रीकमध्ये नुसतं मनाला लागणं, पस्तावणं यासाठी आणखी एक शब्द आहे, मेटामेलोमाय. नव्या करारात फक्त ६ वेळा येतो. येशूला पकडून देणारा यहूदा पस्तावला असं आपण मत्तय २७ मध्ये वाचतो तिथे हा आहे. बरेच प्रवचनकार म्हणतात बघा, यहूदाचा तो खोटा शब्द आणि पेत्राचा तो खरा शब्द. इतकं सोपं नाहीये ते. मत्तय २१ मध्ये 'जात नाही' म्हणून नंतर द्राक्षमळ्यात कामाला गेलेला मुलगा आहे, येशू ज्याचं चांगलं उदाहरण देतो, त्यालाही हाच शब्द लावलाय. आणि यहूदाने तर कबुली दिली, ३० नाणी परतही नेली. पण नेली कुणाकडे? ज्यांच्याशी सौदा केला त्यांच्याकडे, आणि ते म्हणाले त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. मग तो एकटाच निघून गेला. मला ते वाक्य वाचवत नाही, इतकं एकटेपण आहे त्यात. तुम्ही चार वर्षं एकट्याने हे उचललंय आणि तुम्हाला झोप नाही, म्हणून सांगते, एकटे राहू नका. रात्री डोक्यात काळे विचार यायला लागले तर बायकोला उठवा, पाळकसाहेबांना फोन करा, डॉक्टरकडे जा, त्यात लाज कसली.

हे दोन शब्द पौलाने एकाच ठिकाणी शेजारीशेजारी ठेवलेत, करिंथकरांस दुसरं पत्र, ७:८ ते ११. देवाला धरून जे दुःख होतं त्यातून मेटानोइया निघते आणि तिचा मग पस्तावा होत नाही, आणि जगाचं दुःख मरणाकडे नेतं. म्हणजे दुःख वेगळं आणि त्यातून निघतं ते वेगळं, दूध आणि दह्यासारखं. पुढच्याच ओवीत तो करिंथकरांना म्हणतो बघा त्या दुःखाने तुमच्यात काय काय आणलं, आणि धडाधड सात गोष्टी सांगतो, तत्परता, स्वतःची बाजू मोकळी करायची धडपड, चीड, भय, ओढ, आवेश, न्याय करून टाकणं. सातातल्या सात हलणाऱ्या गोष्टी आहेत. एकही उशीत तोंड घालून रडण्याची नाही.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आता देते. दुःख झालंय, खरं आहे, भरपूर आहे. समज फिरलीये, तीही खरी, नाहीतर तुम्ही स्वतःचं पाप इतकं स्वच्छ लिहिलंच नसतं, 'मोडून' हा शब्द तुम्ही टाळला नाही. पण दुसरं जहाज अजून बंदरातच आहे. दर शुक्रवारी तुम्ही ते धुताय पुसताय, सोडत नाही. म्हणून दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच.

येशूचं एक वाक्य तर तुमच्याच घरासाठी म्हटल्यासारखं आहे, मत्तय ५:२३-२४. वेदीपाशी अर्पण आणलंय आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण दे. देवासमोरून उठून जायला देवच सांगतोय.

मग करायचं काय. आधी बायकोशी बोला. ती म्हणाली आत्ताच कशाला, हप्ते चालू आहेत, तर शांतपणे ऐकून घ्या पण निघायचं पक्कं ठेवा.

मग बहिणीकडे जा, समोरासमोर. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज नको, नाताळात चार पाहुण्यांत नको, आणि कृपा करून मंडळीत साक्ष तर आधी अजिबात देऊ नका. तिच्या आईच्या पाटल्यांचं तिच्याआधी दोनशे लोकांना कळायला नको. सांगताना आडवळण नको, बोरमाळ बिलात गेली, पाटल्या नाही गेल्या, मी मोडल्या आणि तुला खोटं सांगितलं. दवाखान्याचा खर्च किती झाला, पगार तेव्हा किती होता हे तिने विचारलं तरच. आणि एक अवघड गोष्ट सांगते, तिच्यासमोर शक्यतो रडू नका. तुम्ही रडलात की ती बहीण आहे, तिला तुमचेच डोळे पुसावे लागतील आणि तिचं स्वतःचं दुःख राहूनच जाईल. रडायला चार वर्षं तुमची झाली, आता तिची पाळी आहे.

पैशाचं. तोळ्याने मोजा, तेव्हाच्या रुपयांनी नको, सोनं तेव्हा कुठे होतं आणि आता कुठे गेलंय ते तुम्हाला माहितीये. दोन पाटल्या दोन भावंडांच्या, म्हणजे एक पाटली तिचीच आहे. लेवीय ६:५ आणि गणना ५:७ मध्ये नियम आहे, घेतलेलं पुरतं परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय तर म्हणाला चौपट देतो, आणि त्याच्या गोष्टीत मेटानोइया हा शब्द एकदाही येत नाही बरं का, शब्दाशिवाय अख्खी गोष्ट तीच आहे. तुम्हाला मी चौपट सांगत नाही. दोन तोळे आणि वर पाचवा हिस्सा, एकदम होत नसेल तर महिन्याला किती ते तिच्यासमोर कागदावर लिहा आणि त्यात एकही महिना चुकवू नका. फ्लॅट विकायचा विचार डोक्यात आला असेल तर तो काढून टाका, तो ताप आहे, तो पश्चात्ताप नाही.

पण मी सुरुवातीला म्हटलं होतं ना, तिने आईची वस्तू मागितली होती. त्या पाटल्या आता वितळून गेल्या, त्या परत येणार नाहीत आणि हे तुम्हाला गिळावं लागणार आहे, मिटिलीनीतही सगळं वाचलं नव्हतं. तरी घरात शोधा. आईचं पवित्र शास्त्र असेल, तिने खुणा केलेलं, उपासना संगीताचं पुस्तक असेल, एखादं लुगडं, चष्मा, तिच्या अक्षरातली किराण्याची यादीसुद्धा. सोन्याबरोबर ते घेऊन जा. भरपाई म्हणून नाही, तिची मागणी तुम्ही ऐकली होती एवढं तिला कळावं म्हणून.

ती काय करेल ते मला सांगता येत नाही. कदाचित गळ्यात पडेल, कदाचित दार लावून घेईल आणि वर्षभर बोलणार नाही. उधळ्या पुत्राची गोष्ट आठवून जाऊ नका. तो मुलगा खरं तर भुकेने परत फिरला, बापाच्या गड्यांना पोटभर भाकर आहे आणि मी इथे मरतोय असं म्हणून, त्याचा उमाळा कुणी मोजला नाही, आणि पाठ केलेलं भाषण बापाने पुरतं होऊही दिलं नाही. तुमच्यासाठी देव तसाच आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण बहिणीला त्या बापाची भूमिका करायला लावू नका. पहिल्याच दमात 'माफ केलंस का' हे विचारू नका. ते तिचं आहे, तिच्या वेळेने येईल.

आणि परत कधी मनात आलं की आपला पश्चात्ताप पुरेसा आहे का, तर लूक १७:४ बघा. दिवसातून सात वेळा अपराध करून सात वेळा परत येऊन कुणी 'मी पश्चात्ताप करतो' म्हणाला तरी क्षमा कर. एका दिवसात सात वेळा माणूस किती खोल रडू शकेल? तिथे खोली मोजलेलीच नाही, परत येणं मोजलंय, आणि परत येण्याचा शब्द तिथे स्पष्ट आहे, एपिस्ट्रेफो, मागे वळणं.

या शुक्रवारी उपवास करू नका भाऊ. सकाळी नीट जेवून, आईची ती वस्तू पिशवीत घालून बहिणीकडे जाणारी एसटी धरा, आणि निघण्याआधी तिला एवढाच फोन करा की मी येतोय, एकटाच येतोय, दुपारी घरी आहेस ना.